आम्ही कोची ‘केली’ नाही

आज सकाळी आमराईत ओळखीचे एक काका भेटले. कसं काय, बरं आहे का, काही नाही. थेट, ‘‘काय मग, कोची झाली करून? किती पॉइंट केले?’’ म्हटलं, दीड. ते जे हसले, ते अजून कानात आहे.

पोळ्या लाटता लाटता मनात भांडत बसले होते, म्हणून शेवटी इथंच लिहिते. हे ‘केली’ काय प्रकरण आहे? काश्मीर केलं, केरळ केलं, आता कोची केली. धुणं करतात, भांडी करतात. गाव कसं करतात?

क्रूझ मुंबईहून होती. सकाळी विलिंग्डन बेटाला लागली. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून उभं केलेलं बेट ते. खाली बस तयार, आणि गाइडच्या हातात यादी: मासे पकडायची चिनी जाळी, चर्च, राजवाडा, सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), शॉपिंग. पाचला जहाजावर परत. जाळी बसमधूनच दाखवली. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे आमची अख्खी बस रिकाम्या थडग्यापुढे सेल्फीसाठी रांगेत! गामाला तिथं पंधरा वर्षं तरी मिळाली. आम्हाला वीस मिनिटं.

आणि मग मट्टनचेरीच्या गल्लीत सासूबाई थांबल्या.

त्यांचं माहेर हरिपूर. हळदीच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं गाव. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण पेव उघडल्यावर येणारा वास आपल्यातल्या कितीजणांनी घेतलाय? यांनी घेतलाय. एका जुन्या वखारीच्या दारात त्या थबकल्या. आत अंगणभर सुंठ पसरलेली, दोघीतिघी बायका सुपानं पाखडत होत्या. ‘‘थांब गं जरा,’’ एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. एका बाईच्या हातातलं सूप घेतलं आणि सुरू. दोन झटके वर, एक आडवा. ती बाई आधी बघतच राहिली, मग खो खो हसली. एक तुकडा उचलून म्हणाली, ‘‘चुक्क.’’ या म्हणाल्या, ‘‘सुंठ.’’ ती पुन्हा चुक्क, या पुन्हा सुंठ. बराच वेळ दोघींचं हेच चाललेलं.

बाहेर बसचा हॉर्न. गाइड घड्याळ दाखवतोय. सहप्रवासी खिडकीतून असं बघतायत, जसं काही आम्ही त्यांचे पैसे बुडवले. मी म्हटलं, जा तुम्ही, आम्ही रिक्षानं येतो.

आता खोटं कशाला बोलू, १५६८ चं ते सिनेगॉग राहिलंच. जमिनीवर हातानं रंगवलेल्या चिनी फरश्या आहेत म्हणे, एकीसारखी दुसरी नाही. हळहळ वाटते. आणि हो, जहाज नसतं तर असले गुडघे घेऊन सासूबाई कोचीपर्यंत पोचल्याच नसत्या, हेही खरं. एका म्हातारीसाठी चाळीस माणसांची बस थांबवता येत नाही, हेही कळतं. कळतं म्हणून पटलंच पाहिजे का?

कारण मला त्या दिवसाचं दुसरं काहीच आठवत नाही. ते सूप आठवतं. बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘२००५ च्या पुरात आमची पेवं गेली, तेव्हापासून सुपाला असा हात लागलाच नव्हता.’’ इतक्या वर्षांत मला हे कधी बोलल्या नव्हत्या. मीही कधी विचारलं नव्हतं, तो दोष माझा.

जहाजावर सव्वाचारलाच पोचलो. पाऊण तास हातात होता! बस आमच्यानंतर आली.

आता लिहून राग जरा उतरलाय. काका मनानं वाईट नाहीत. उद्या त्यांना चहाला बोलावते. त्या बाईनं सासूबाईंच्या पदरात मूठभर सुंठ बांधून दिली होती, त्यातली थोडी उरलीय. कुठली, असं त्यांनी विचारलं तरच सांगेन.