प्रोसेसरचे कष्ट आणि भाऊकाकांची हार्ड डिस्क

शिमग्याच्या पालखीचे आणि नमनाचे चित्रीकरण मुंबईच्या चाकरमान्यांना कॉपी करून देणे, हे गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत कोणत्याही ठरावाविना माझ्याकडे आलेले काम आहे. कारण वाडीत विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणारा मी एकटा, आणि लिनक्स वापरणाऱ्याला रिकामा वेळ पुष्कळ असतो असा सर्वांचा ठाम समज आहे. यंदा भाऊकाकांनी आपली हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवली, रात्रीच्या मुंबई गाडीची वेळ सांगितली आणि ते समोरच खुर्ची ओढून बसले. एकेक फाइल पंचवीस-तीस गिगाबाइटची होती. कॉपी सुरू झाली आणि थोड्याच वेळात लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज ओटीपर्यंत पोहोचला. माउसचा बाण अडखळत सरकू लागला.

"मुंबईला माझ्या कॉम्प्युटरवर असं होत नाही हो," काका म्हणाले. शेजारच्या गुरुजींनी लॅपटॉपखाली ओला पंचा ठेवण्याचा उपाय सुचवला. काकूंच्या मते हा दोष दमट हवेचा होता आणि त्यावर इलाज नव्हता.

मी चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी 'टॉप' ही आज्ञा चालवली. माझ्या चार कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमध्ये चार गडी राबणाऱ्या, यंत्रावर लोड ॲव्हरेज, म्हणजे कामाच्या ओझ्याचा सरासरी आकडा, सहाच्या पुढे गेलेले पाहून काकांनी "बघ!" असे विजयी स्वरात म्हटले, परंतु लिनक्समध्ये या आकड्यात काम करणाऱ्या प्रक्रियांबरोबरच डिस्ककडून उत्तराची वाट पाहत ताटकळणाऱ्या प्रक्रियाही मोजल्या जातात, त्यामुळे तेवढ्यावरून प्रोसेसर दमला असे म्हणता येत नाही. त्याच पडद्यावर 'डब्ल्यूए' नावाचा रकाना असतो. त्यातली टक्केवारी म्हणजे डिस्कचे काम अडलेले असताना प्रोसेसर किती वेळ रिकामा बसला त्याचा हिशेब. नुसती वाट पाहणाराही हजेरीपटावर असावा, ही पद्धत काकांना, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असल्यामुळे, लगेच पटली.

खरा खादाड प्रक्रियांच्या यादीत सर्वांत वर बसला होता: 'माउंट डॉट एनटीएफएस', एक अख्खा कोअर एकट्याने गिळून. डिस्क आखण्याच्या फॅट३२ या पद्धतीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून काकांची डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने आखलेली होती, आणि माझ्याकडे तिची भाषा बोलणारा एनटीएफएस-३जी हा चालक, म्हणजे ड्रायव्हर (यादीत दिसला तो हाच), कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत नव्हे, बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा फ्यूज नावाच्या दुव्यामार्फत चालत होता. त्यामुळे फाइलचा प्रत्येक तुकडा कर्नलकडून या प्रोग्रॅमकडे आणि तिथून पुन्हा कर्नलकडे जातो, आणि मूळ मांडणीत लिहिण्याचा तुकडा असतो अवघा ४ किलोबाइटचा. धोपाव्याहून दाभोळला हापूसच्या पेट्या न्यायच्या आणि फेरीबोटीच्या प्रत्येक खेपेला हातात एकच आंबा घ्यायचा, असा हा व्यवहार. बोट दिवसभर धावते, डिझेल जळते, आणि पलीकडच्या धक्क्यावर पेटी काही भरत नाही.

यावर उत्तम तोड म्हणजे २०२१ साली लिनक्स ५.१५ मध्ये कर्नलच्या आतच दाखल झालेला एनटीएफएस३ चालक. मी चालू कॉपी थांबवली, डिस्क अनमाउंट केली, म्हणजे यंत्रापासून रीतसर सोडवली, आणि मोठ्या आशेने ती नव्या चालकाच्या स्वाधीन केली. त्याने ती नाकारली. डिस्कवर 'डर्टी' अशी खूण होती, म्हणजे ती पूर्वी कुठेतरी रीतसर निरोप न घेता उपटली गेली होती. मी काकांकडे पाहिले.

"मी नेहमी अशीच काढतो. काही होत नाही," काका म्हणाले.

'फोर्स' हा पर्याय देऊन जबरदस्ती करता आली असती. पण त्याच डिस्कवर काकांच्या नातवाच्या मुंजीचे फोटो होते, आणि माझे या घराण्याशी असलेले संबंध मला टिकवायचे होते. विंडोजवर डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्क चालवणे हा खरा उपाय मुंबईसाठी राखून ठेवला आणि जुन्याच चालकाला 'बिग रायट्स' हा पर्याय जोडून डिस्क पुन्हा माउंट केली. आता एका खेपेला १२८ किलोबाइटपर्यंत माल जाऊ लागला. पंखा शांत झाला, बाण सरळ चालू लागला, आणि ओला पंचा गुरुजींकडे सुका परत गेला.

कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी शंभर टक्क्यांवर पोहोचली तेव्हा काकांनी वायरला हात घातला. तो मी धरून ठेवला, कारण लिनक्स आधी माल रॅममध्ये उतरवून घेतो आणि उपलब्ध मेमरीच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत उधारी साचू देतो. पट्टी भरली तरी डिस्कवरचे लेखन चालूच असते. ही उधारी डिस्कवर चुकती करायला लावणारी 'सिंक' ही आज्ञा लिहून मी एंटर दाबले. पडद्यावर काहीच उमटेना, डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला, आणि आम्ही काका-पुतणे एकाच वायरची दोन टोके धरून बसलो. अखेर आज्ञा परतली, मी डिस्क अनमाउंट केली आणि वायर सोडली.

"एवढं सगळं करण्यापेक्षा," डिस्क पिशवीत ठेवत काका म्हणाले, "पुढच्या शिमग्याला मी पेनड्राइव्हच आणतो. घरात चार जीबीचा एक पडलाय."