सायकल चालवा, पण आधी पैसे मागा

येत्या रविवारी कॅन्सर पेशंटसाठीच्या सायकल राईडमध्ये मी जाऊन राहिली आहे. नागपूरच्या झिरो माईलवरून निघायचं, वर्धा रोडनं छत्रपती चौक, खापरी करत जामठ्यापर्यंत आणि परत. भावानं विचारलंच, "तुझ्या सायकल चालवण्यानं कोणाचा कॅन्सर बरा होते का?" चिडवायला विचारलं त्यानं, पण प्रश्न काही चुकीचा नाही.

नुसती सायकल चालवून काहीच होत नाही बाप्पा. आपल्याकडे बऱ्याच राईड अशाच असतात, फी भरा, टी-शर्ट घ्या, मेडल गळ्यात घालून सेल्फी काढा, मग तर्री-पोहे आणि घर. नाव काय तर अवेअरनेस. अहो, नागपुरात कॅन्सर कोणाला माहीत नाही? पानठेल्यावर खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) घोटणाऱ्यालाही माहीत आहे आणि तोंडात टाकणाऱ्यालाही. तंबाखूच्या पाकिटावर निदान सडलेल्या तोंडाचा फोटो तरी असतो, खर्र्याच्या पन्नीवर तर तोही नाही.

आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, या खर्र्यानंच गेले. आधी तिखट सोसेनासं झालं, मग तोंड उघडेना. डॉक्टरांनी सांगितलं तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा, तर एक बोट कसंबसं गेलं. शेवटी शेवटी नाकातून नळी होती आणि मोठी आई वरणाचं पाणी फडक्यातून दोनदा गाळून सिरींजनं हळूहळू सोडायची, एखादा कण अडकला की नळी चोक. जेवणावर इतकं प्रेम असलेला माणूस, सावजी करायला बसला की अख्ख्या मोहल्ल्याला वास, आणि तो गाळलेलं वरण नाकातून घेत होता.

तर मुद्दा पैशाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये पॅन-मास चॅलेंज नावाची राईड आहे. बिली स्टार नावाच्या माणसाची आई कॅन्सरनं गेली, त्यानं १९८० मध्ये ३६ जणांना घेऊन ती सुरू केली, अजून चालू आहे, पैसा बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातो. तिथं प्रत्येकानं ठरलेली किमान रक्कम लोकांकडून गोळा करायचीच, कमी पडली तर उरलेली स्वतःच्या खिशातून जाते. मला हे फार पटलं. आपल्याकडेही हेच कंपल्सरी करा ना, भले हजार रुपये ठेवा.

कारण पैसा नेमका कुठं लागतो ते मी पाहिलं आहे. ऑपरेशन, केमो सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसून जाते बऱ्याच लोकांचं. पण तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे. गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेला माणूस रोज परत कसा जाणार? मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) म्हणा, मानेवाडा रोडच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलकडे म्हणा, जाऊन बघा एकदा, पेशंटसोबत आलेले लोकं कुठं झोपतात आणि काय खातात. धानाच्या रोवणीचे दिवस असले तर अर्धे जण ट्रीटमेंट सोडूनच निघून जातात का काय अशी भीती वाटते. ट्रीटमेंट फुकट आणि राहण्या-खाण्यात माणूस बुडून राहिला, हे कोणत्या योजनेत बसवणार?

दुसरं म्हणजे पैसे मागायला गेलं की बोलावं लागते. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं की राईडच्या टी-शर्टवर मागं दोन नावं लावणार आहे, मोठेबाबांचं आणि आत्याचं (आत्याला ब्रेस्ट कॅन्सर होता, आता बरी आहे). लगेच आतेबहिणीचा फोन, "आईचं नाव नको लावू गं, माझ्या पोरीचं लग्न जमवून राहिलो आम्ही, लोकं विचारतात घरात कोणाला काही आहे का." तिची भीती मला कळते, उगाच नाही ती. पण आत्यालाच विचारलं तर ती म्हणे, "लाव, आणि मोठ्या अक्षरात लाव, चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे." मग काय, लावलं! त्यानंतर ज्यांच्याशी वर्षानुवर्षं फक्त गुड मॉर्निंगचे फोटो चालले होते त्या लोकांचे फोन आले, कोणाच्या सासूला होता, कोणाच्या मिस्टरांचा रिपोर्ट यायचा आहे. एका काकूंनी पैसे दिले आणि हळूच विचारलं की गाठ दुखत नसेल तर दाखवायची का? हो काकू, दुखत नसेल तरी दाखवायची, याच आठवड्यात.

मी नुसती फी भरून, टी-शर्ट घालून सायकल चालवली असती तर हे झालं नसतं.

भावाकडूनही पैसे वसूल केले आहेत. आता तुमचा नंबर. मला पाठवू नका, पेशंटच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी जी संस्था तुम्हाला भरवशाची वाटते तिला थेट द्या, रिसीट घ्या आणि मला फक्त सांगा की दिले. आणि राईडला येणार असाल तर हेल्मेट आणा, खर्रा घरी ठेवून या.