‘म्हणून’ दिसले म्हणजे कारण-परिणाम झाला असे नाही

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या पालक-शिक्षकांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. नाशिकमध्येही तो फिरतो आहे. त्याचा सारांश असा: माहितीपर उताऱ्याची रचना दहा सेकंदांत ओळखा. ‘म्हणून’, ‘कारण’ दिसले की कारण-परिणाम. ‘पण’, ‘तर’ दिसले की तुलना. ‘प्रथम’, ‘नंतर’ किंवा सनावळी दिसली की क्रम. ‘उपाय’ दिसला की समस्या-उपाय. यातले काहीच नसेल तर वर्णन. उताऱ्याची रचना एकच असते आणि ती पहिल्या वाक्यात कळते.

रचनांचे हे पाच प्रकार बरोबर आहेत. खुणेच्या शब्दांची मदत होते, हेही खरे. पण त्यापुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट मुलांना चुकीच्या उत्तराकडे नेते.

“शब्द दिसला की रचना कळली.” ‘नाशिक द्राक्षांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो’ यात कसलेही कारण नाही, ओळख आहे. ‘थंडी वाढली म्हणून मण्यांची फुगवण मंदावली’ यात कारण आहे. शब्द तोच, काम वेगळे. ‘पाऊस आला तर’ ही अट झाली; ‘पोळ कांदा लगेच विकावा लागतो, तर उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो’ ही तुलना झाली (पोळ म्हणजे खरिपाचा कांदा; चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा). ‘गहू होतो, सोयाबीन पण होते’ यातला ‘पण’ विरोध दाखवत नाही, भर घालतो.

शब्द सापडल्यावर तो बदलून पाहावा. ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ घाला, ‘तर’च्या जागी ‘उलट’, ‘पण’च्या जागी ‘परंतु’. वाक्य टिकले तर खूण खरी. ‘द्राक्षांचा जिल्हा त्यामुळे ओळखला जातो’ हे वाक्य कोसळते, म्हणजे तिथे कारण शोधायचे नाही. चौथी-पाचवीच्या मुलांनाही ही अदलाबदल जमते.

“खुणेचा शब्द नसेल तर वर्णन.” सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होते. अशा याद्या मुळात इंग्रजी वाचनाच्या धड्यांतल्या आहेत. तिथे हे काम बहुतेक सुटे शब्द करतात. मराठीत ते बऱ्याचदा प्रत्यय करतात आणि प्रत्यय यादीत येत नाहीत. हा उतारा पाहा: ‘पक्व घडांवर पडलेल्या पावसाने मणी तडकतात. तडकलेल्या मण्यांतून रस पाझरून घड कुजू लागतो. असा माल निर्यातीला चालत नाही.’ यादीतला एकही शब्द नाही, म्हणून मूल ‘वर्णन’ लिहून मोकळे होते. प्रत्यक्षात ही कारण-परिणामांची सलग साखळी आहे. पहिला दुवा ‘पावसाने’मधल्या ‘ने’त आहे, दुसरा ‘पाझरून’मधल्या ‘ऊन’मध्ये आणि तिसरा कुठेच लिहिलेला नाही, तो वाचणाऱ्याने जोडायचा आहे.

इथेही यांत्रिकपणा नको. ‘कात्रीने छाटणी करतात’ यातला ‘ने’ साधन दाखवतो. ‘ने’ काढून ‘मुळे’ लावा: ‘पावसामुळे मणी तडकतात’ चालते, ‘कात्रीमुळे छाटणी करतात’ चालत नाही. ‘ऊन’ तर बहुतेक वेळा नुसता क्रम सांगतो: ‘एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ धरतात.’ प्रथम नाही, नंतर नाही, तरी क्रम स्वच्छ आहे. ‘-ल्यास’, ‘-ल्यावर’, ‘-पेक्षा’, ‘-ऐवजी’ हेही मुलांच्या नजरेला सवयीचे व्हायला हवेत.

तुलनाही शब्दाविना होते. ‘नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहावे लेणे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानातले. तिसरे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिच्या दानातले.’ दोन्हींना एकच मोजपट्टी लावली आहे: दान कोणाचे. मोजपट्टी सामाईक असेल तर तुलना. एका लेण्याचा दाता सांगितला आणि दुसऱ्याचे फक्त खांब, तर ती दोन वेगळी वर्णने.

“सनावळी म्हणजे क्रम.” सिंहस्थ कुंभमेळ्यावरच्या उताऱ्यात 2003, 2015, 2027 अशी वर्षे येतील. पण त्याचा गाभा असा असू शकतो: गुरूला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे 11.86 वर्षे लागतात, त्यामुळे तो साधारण बारा वर्षांनी पुन्हा सिंह राशीत येतो आणि तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. वर्षे खोडली तरी स्पष्टीकरण शाबूत राहते, हा कारण-परिणाम. याउलट काळाराम मंदिर सत्याग्रहाचा उतारा 2 मार्च 1930 पासून घटना घडल्या तशा सांगत गेला आणि त्यातला परिच्छेद वर-खाली केल्यावर अर्थ बिघडला, तर तो क्रम.

“एका उताऱ्याची एकच रचना.” कांदा साठवणुकीवरचा चार परिच्छेदांचा उतारा घ्या. पहिल्यात साठवलेला कांदा सडतो आणि त्याला मोड येतात, ही अडचण. दुसऱ्यात ओल आणि कोंडलेली हवा यांनी ते कसे होते. तिसऱ्यात चाळ कशी असते: तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, आत खेळती हवा. चौथ्यात कांदा नीट सुकवून, निवडून चाळीत भरण्याची रीत. सुटे पाहिले तर समस्या, कारण-परिणाम, वर्णन आणि क्रम. पूर्ण उतारा मात्र समस्या-उपाय, कारण बाकीचे तिन्ही परिच्छेद पहिल्यातल्या अडचणीसाठी आले आहेत.

म्हणून पेन्सिल हातात घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न तीन-चार शब्दांत लिहावा: ‘काय बिघडते?’, ‘कशामुळे?’, ‘चाळ कशी?’, ‘कसे भरायचे?’ मग या सगळ्यांना पोटात घेणारा एक प्रश्न शोधावा. इथे तो ‘कांदा टिकवायचा कसा?’ असा निघतो. परीक्षेत ‘उताऱ्याची रचना’ विचारली तर मोठ्या प्रश्नाकडे पाहायचे, ‘तिसऱ्या परिच्छेदाची’ विचारली तर छोट्या. दोन-अडीचशे शब्दांच्या उताऱ्यासाठी याला तीन-चार मिनिटे लागतात. दहा सेकंदांत हे होत नाही.

पहिल्या वाक्याबद्दल थोडेच पुरे. ‘लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या आहेत’ या वाक्यापुढे भाव पडण्याची कारणे येऊ शकतात, लिलावाची पद्धत येऊ शकते किंवा दोन हंगामांची तुलनाही. सुरुवातीचे वाक्य अनेकदा फक्त वाचकाला आत ओढण्यासाठी असते.

“‘उपाय’ शब्द असला की समस्या-उपाय.” कारण-परिणाम आणि समस्या-उपाय यांत मोठी मुलेही गोंधळतात, कारण दोन्हींत काहीतरी बिघडलेले असते. बिघाड दूर करायला कोणी काही करते का, ते पाहावे. पावसाने मणी तडकले, घड कुजला, माल नाकारला गेला आणि उतारा संपला, तर कारण-परिणाम. त्यापुढे बागेवर प्लास्टिक आच्छादन कसे घालतात हे सविस्तर आले, तर समस्या-उपाय. आणि आच्छादनाचा उल्लेख शेवटच्या एकाच वाक्यात ‘यावर आच्छादन हा उपाय आहे’ एवढाच असेल, तर ‘उपाय’ शब्द असूनही उतारा कारण-परिणामाचाच राहतो.