प्रतिक्रियेला उत्तर : बर्फ ऐकू आला नाही, म्हणून?

चूक माझीच. ‘गार्डन पार्टी’ ही धून आइसलँडच्या मेझोफोर्टे या बँडच्या पहिल्या अल्बममधली नाही, चौथ्या अल्बममधली आहे. पहिला १९७९ चा, हा १९८२ चा. त्यात या अल्बमच्या नावातच ‘४’ आहे, म्हणजे चुकायला जागाच नव्हती, तरी मी शोधून काढली. मेझोफोर्टेवरच्या माझ्या लेखात दुरुस्ती केली आहे, मनापासून आभार. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र जरा भांडूया.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी : ‘एक जुना श्रोता’ यांचं म्हणणं असं की आइसलँडचा हा जॅझ-फंक (जॅझ आणि नाचरा फंक यांची मिसळ) वाजवणारा बँड म्हणजे एका धुनेचा धनी, त्याच्यावर एवढा लांबलचक लेख कशाला? शिवाय हे लिफ्टमध्ये वाजणारं संगीत. बँडच्या नावाचाच अर्थ ‘मध्यम जोरात’, मग वाजवणंही मध्यमच असणार. आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे यात आइसलँड कुठे आहे? तिथलीच गायिका ब्यर्क ऐकली की डोळ्यांसमोर बर्फ येतो, यांचं ऐकून डोळ्यांसमोर हॉटेलची लॉबी येते.

लॉबीचा टोला झकास आहे. मला आधी सुचला असता तर मीच वापरला असता.

पण श्रोतेमहाशय, बर्फ दिसलाच पाहिजे ही अट कोणी घातली? पुण्यातल्या मुलाने गिटार हातात घेतली तर तिच्यातून ढोल-ताशाच ऐकू आला पाहिजे, असं आपण म्हणत नाही. मग आइसलँडच्या राजधानीतल्या, रेक्याविकच्या मुलांनी हिमनदीच वाजवायची हा हट्ट का? (तसंही रेक्याविकमध्ये जानेवारीत पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो. गोठवणारी थंडी वगैरे आपल्या पोस्टरांवर जास्त.)

हा बँड जमला १९७७ मध्ये. पोरं जेमतेम पंधरा ते सतरा वर्षांची. गिटारवर फ्रिदरिक कार्लसन, कीबोर्डवर एय्थोर गुन्नार्सन, बास गिटारवर योहान आस्मुंड्सन, ड्रम्सवर गुन्लाउगुर ब्रीम. तेव्हाचा आइसलँड कसा होता ते बघा. लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडचं एखादं जिल्ह्याचं गाव. अख्ख्या देशाला एकच सरकारी रेडिओ, एकच वाहिनी. दुसरी सुरू झाली ती १९८३ च्या डिसेंबरात. टीव्ही गुरुवारी बंद! गुरुवारी लोकांनी एकमेकांकडे जावं-यावं, म्हणून तसं ठेवलं होतं म्हणतात, आणि ही सुट्टी १९८७ पर्यंत टिकली. बिअरवर तर १ मार्च १९८९ पर्यंत बंदी होती. अशा बेटावर नव्या संगीताची एक मोठी खिडकी म्हणजे केफ्लाविकच्या अमेरिकी लष्करी तळाचा रेडिओ. सैनिकांसाठी चाललेलं ते प्रसारण रेक्याविकच्या कितीतरी पोरांनी कान लावून ऐकलं, आणि त्यांच्या दोन-तीन पिढ्यांचे कान त्यावर तयार झाले.

तुम्ही म्हणता तो आइसलँड या संगीतात नाही, कबूल. पण हाही आइसलँडच आहे. समुद्रापलीकडून जे कानावर येतंय ते आपल्याला का वाजवता येऊ नये, असं वाटणाऱ्या पोरांचा. बर्फ त्यांना खिडकीतून दिसत होता. तो पुन्हा कीबोर्डवर कशाला आणायचा?

‘डोळे मिटून ऐकलं तर लंडनचं वाटतं’ हे तुमचं वाक्य मी टीका म्हणून नाही, दाद म्हणून घेतो. त्या काळी इंग्लंडमध्ये लेव्हल ४२, शाकाटाक अशा बँडांचा ब्रिटिश फंक जोरात होता. त्याच बाजारात ही मंडळी उतरली. चौथा अल्बम इंग्लंडमध्ये ‘सरप्राइज सरप्राइज’ या नावाने निघाला आणि १९८३ च्या मार्चमध्ये ‘गार्डन पार्टी’ रेकॉर्डविक्रीच्या ब्रिटिश यादीत १७ व्या क्रमांकावर गेली. शब्द नाहीत, गायक नाही, देशाचं नाव सांगितलं तर लोक नकाशा शोधणार. त्याच्या सात वर्षं आधी ब्रिटन आणि आइसलँड हेच दोन देश कॉड माशांवरून समुद्रात जहाजांना जहाजं घासत होते. तुमच्या ब्यर्कचा शुगरक्यूब्स हा बँड यायला अजून चार वर्षं होती, आणि त्यांचं ‘हिट’ हे गाणं १९९२ मध्ये पोचलं तेही १७ वरच. योगायोग आहे, पुरावा नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्यानंतर मेझोफोर्टेची पुढची धून आली, ‘रॉकॉल’. ती ७५ वर अडखळली. रॉकॉल म्हणजे उत्तर अटलांटिकमधला एक बोडका खडक. ब्रिटनने १९५५ मध्ये त्यावर झेंडा रोवला, आयर्लंडला ते मान्य नाही, आणि भोवतालच्या समुद्रतळावर आइसलँडचाही दावा आहे. आइसलँडच्या पोरांनी नेमकं हे नाव देऊन धून ब्रिटिश बाजारात पाठवावी, यातला खोडसाळपणा मला तरी आवडतो. घ्या, आइसलँड हवा होता ना?

आता ‘मध्यम’बद्दल. मेझोफोर्टे ही पाश्चात्त्य स्वरलेखनातली आवाजाची खूण आहे, फार हळू नाही, फार जोरात नाही. पण मध्यम म्हणजे सोपं, हे कोणी सांगितलं? मध्यलयीत गाणाऱ्याला विचारा. विलंबितात भाव खाता येतो, द्रुतात टाळ्या घेता येतात, मध्यलयीत लपायला जागा नसते. ‘गार्डन पार्टी’ पुन्हा लावा आणि या वेळी धून सोडून द्या, ती तुम्हाला पाठच आहे. एकदा फक्त बास ऐका. मग पुन्हा लावून फक्त गिटारचे ते तुटक, कोरडे ठोके ऐका. कोण कोणासाठी जागा सोडतंय ते लक्षात येईल. पंचविशीही न गाठलेली पोरं आहेत, पण एकानेही दुसऱ्याच्या बोटांवर पाय दिलेला नाही.

आणि लिफ्टबद्दल एक शंका. हर्ब आल्पर्टने (ट्रम्पेटवाला, ए अँड एम रेकॉर्ड्समधला ‘ए’ तोच) १९८३ मध्येच ही धून वाजवली होती, बरीच संथ करून. तुमच्या लिफ्टमध्ये ती तर नव्हती ना?

एका धुनेचा बँड हे ब्रिटिश यादीपुरतं खरं आहे, तेवढंच. तिथलं कौतुक ओसरल्यावर मधल्या काळात त्यांनी गायक घेऊन पाहिला. तो सगळा काळ मला फसलेला वाटतो, तिथे तुमचा लॉबीचा टोला लागू पडतो. पण १९८९ चा ‘प्लेइंग फॉर टाइम’ ऐका, १९९६ चा ‘मंकी फील्ड्स’ ऐका. मग आठ वर्षं शांतता आणि २००४ मध्ये ‘फॉरवर्ड मोशन’. दरम्यान फ्रिदरिक लंडनला जाऊन स्टुडिओत इतरांसाठी गिटार वाजवत होता. २०१० चा अल्बम तर ‘व्होल्कॅनिक’. त्याच वर्षी आइसलँडच्या ज्वालामुखीने अर्ध्या युरोपची विमानं जमिनीवर बसवली होती, पण यांचं वाजवणं मात्र तेच, नीटनेटकं, घामाचा डाग न दिसणारं. त्यानंतर २०१२ मध्ये ‘आयलंड्स’. पंधराव्या वर्षी जमलेल्या टोळीतली बरीच मंडळी पन्नाशीपर्यंत एकत्र रेकॉर्डिंग करतात, याला मी तरी एका धुनेची कारकीर्द म्हणणार नाही. त्यांच्या एका लाइव्ह अल्बमच्या आइसलँडिक नावाचा अर्थच ‘चांगला ठणठणीत जिवंत’ असा आहे.

जाता जाता एक. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, बापाच्या (कधी आईच्या) नावापुढे ‘सन’ किंवा ‘दोत्तिर’ लागतं. २०२२ मध्ये ट्युरिनला झालेल्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत आइसलँडकडून तीन बहिणी गायल्या, आडनावाच्या जागी एय्थोर्सदोत्तिर. आपल्या कीबोर्डवाल्या एय्थोरच्या मुली. शब्द शुद्ध आइसलँडिक, गाण्याचा बाज बराचसा अमेरिकन कंट्रीचा. ऐका, आणि डोळे मिटल्यावर काय दिसलं ते इथे खाली लिहा.