एका फोटोवरून परजीवी माशीची प्रजाती ठरत नाही

सध्या एक मजकूर जो तो पुढे पाठवतोय. त्याचं म्हणणं असं: परजीवी माशा, म्हणजे ज्यांची पिल्लं दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात अशा माशा, ओळखायला आता तज्ज्ञ नकोत आणि नमुनेही नकोत. फोटो स्पष्ट असावा, ॲपने नाव सांगावं, दोघा-तिघांनी दुजोरा द्यावा, की दुर्मीळ प्रजातीचीही नोंद पक्की. त्यात माशी कोणत्या अळीतून निघाली हे माहीत असेल तर प्रश्नच मिटला. माशांकडे इतक्या लोकांचं लक्ष जातंय याचा मला मनापासून आनंद आहे आणि म्हणूनच हा मजकूर तसाच सोडून देववत नाही.

"फोटो स्पष्ट असला की प्रजाती कळते." स्पष्ट, पण कशाचा? परजीवी माशांचं टॅकिनिड कुळच घ्या. या कुळातल्या 8,500 हून अधिक प्रजातींचं वर्णन झालंय आणि त्यातल्या कितीतरी करड्या-काळ्या, राठ केसांच्या, पहिल्या नजरेत घरमाशीच वाटाव्यात अशा. समोरची माशी टॅकिनिड आहे एवढं ठरवायलाच ठरावीक जागा बघाव्या लागतात. छातीच्या मागच्या टोकाला स्क्युटेलम नावाची छोटी ढाल असते. तिच्या खाली आणखी एक ठळक फुगवटा असतो, तो सबस्क्युटेलम. शिवाय छातीच्या बाजूला, पंखाच्या बुडाच्या खालच्या अंगाला, राठ केसांची एक उभी ओळ असते. वरून काढलेला फोटो कितीही सुंदर असो, या दोन्ही जागा त्यात झाकलेल्याच राहतात. आणि हे झालं नुसतं कुळ. वंश, म्हणजे कुळ आणि प्रजाती यांच्यामधली पायरी, ठरवताना छातीच्या पाठीवरचे केस मोजायचे, आडव्या खाचेच्या पुढे किती आणि मागे किती. डोळ्यांवर लव आहे का बघायचं, पंखातली शीर कुठे आणि कशी वळते तेही बघायचं. प्रजातीसाठी तर अनेकदा नराच्या पोटाच्या टोकाशी दुमडलेली जननांगं बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात. तुडतुड्यांवर वाढणाऱ्या, मोठ्या डोक्याच्या पिपुनक्युलिड माशांचीही तीच गत.

काही माशा फोटोवरून ओळखता येतात, हे मान्यच. युरोपातली टॅकिना ग्रोसा भुंग्याएवढी मोठी, अंगाने काळी आणि डोक्याने पिवळी असते. तिथे तिच्याशी गल्लत होईल अशी दुसरी माशी नाही. पण अशी दुसरी नाही, हे कुणीतरी नमुने तपासूनच ठरवलंय. दुर्मीळ प्रजातींच्या बाबतीत सहसा हीच खात्री नसते.

"ॲप 95 टक्के खात्री दाखवतं." ॲपला जी नावं शिकवली आहेत त्यांच्यातूनच ते निवड करतं. ज्या प्रजातीचे फोटो त्याने पाहिलेलेच नाहीत, तिचं नाव ते सांगणार कुठून? ते तिला तिच्यासारख्या दिसणाऱ्या, सर्रास आढळणाऱ्या माशीचं नाव देतं, आणि तेही छातीठोकपणे. म्हणजे नेमक्या दुर्मीळ माशीपाशीच हा आकडा सर्वात जास्त फसवतो.

"तिघांनी दुजोरा दिला." आयनॅचरलिस्ट या लोकांनी टाकलेल्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर प्रजातीच्या नावावर दोन-तृतीयांशाहून अधिक लोकांचं एकमत झालं की नोंदीला संशोधन-दर्जा मिळतो. ते एकमत असतं, तपासणी नव्हे. त्या तिघांनी तोच एक फोटो पाहिलेला असतो. जे त्यात दिसत नाही ते तिघांनाही दिसलेलं नसतं.

"यजमान कळला की माशी कळली." यजमान म्हणजे माशी ज्या किड्याच्या अंगात वाढते तो. हा मुद्दा मला सर्वात घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. काँप्सिल्युरा कॉन्सिनेटा ही माशी 1906 पासून उत्तर अमेरिकेत स्पाँजी पतंगाच्या अळ्यांवर उपाय म्हणून सोडली गेली. तिने 180 हून अधिक प्रजातींचे कीटक गाठले आणि तिथल्या देखण्या रेशमी पतंगांनाही तिचा फटका बसला. अशी माशी कुठल्याही अळीतून निघू शकते. उलट टोकाचं उदाहरण कोस्टा रिकाचं. तिथे अळ्यांमधून निघालेल्या बेल्व्होशिया वंशातल्या माशा दिसण्यावरून 20 प्रजातींच्या मानल्या जात होत्या. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएनए बारकोड, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरला जाणारा डीएनएचा छोटा तुकडा, तपासल्यावर त्या 32 निघाल्या. अनेक यजमानांवर जगणाऱ्या म्हणून ज्या 3 प्रजाती धरल्या होत्या, त्या प्रत्यक्षात ठरावीक यजमानांनाच धरून असलेल्या 15 प्रजाती होत्या. हातात नमुने असूनही तिथे डोळ्यांनी भेद कळला नव्हता.

मग फोटो काढूच नयेत का? जरूर काढा, पण एकावर थांबू नका. वरून, बाजूने, समोरून चेहरा आणि शिरा दिसतील असा पसरलेला पंख, असे सगळे घ्या. अळी पाळली असेल तर अळीचा, तिच्या खाद्यवनस्पतीचा आणि माशीच्या रिकाम्या कोषाचाही फोटो घ्या. तो कोष आणि मेलेली माशी जपून ठेवा, सोबत तारीख आणि ठिकाण लिहा. नोंदीत जिथपर्यंत खात्री आहे तिथेच थांबा. "टॅकिनिड, वंश अनिश्चित" ही नोंद पूर्ण आणि उपयोगी असते. तिच्यावरून अभ्यासक पुढे जाऊ शकतो. चुकीच्या प्रजातीची नोंद मात्र नकाशावर बसते, तिथून ॲपच्या शिकवणीत जाते, आणि पुढच्या माणसाला तेच चुकीचं नाव आणखी मोठ्या टक्केवारीनिशी मिळतं.