पाच गाणी, त्यातली दीड माझी

गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस उघडला नाही आणि शुक्रवारी संध्याकाळी लाईटही गेली. मोबाईलवर उतरवून ठेवलेली कॅनिबल कॉर्प्सची १९९३ ची ‘हॅमर स्मॅश्ड फेस’ ईपी, म्हणजे पाच गाण्यांचा छोटा अल्बम, लावली. इअरफोनचा एक कान कधीचाच मेलाय, म्हणून स्पीकरवर. दुसऱ्याच मिनिटाला आतनं आईचा आवाज, “काय वाजवालास रे हे? कुणाचा गळा दाबालेत?”

बँड अमेरिकेतल्या बफेलोचा, १९८८ चा. डेथ मेटल, म्हणजे घशातनं गुरगुरत गायचा सुसाट मेटल. मुडदे, कुऱ्हाडी, आतडी, याच्यापलीकडं विषय नाही. जर्मनीत यांच्या पहिल्या तीन अल्बममधली गाणी स्टेजवर वाजवायला २००६ पर्यंत बंदी होती. आणि या ईपीवरची बँडची स्वतःची तीन गाणी नेमकी त्याच तीन अल्बममधली, प्रत्येकातलं एक. म्हणजे पाचातली तीन शिळी, नवीन काय तर दोन कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी. शिळ्यांतल्या शेवटच्या दोन गाण्यांबद्दल बोलतच नाही. १९९० आणि ९१ चं रेकॉर्डिंग ९२ च्या शेजारी आणून ठेवलं की ठिगळ दिसतं. एकाचं तर नावसुद्धा इथं लिहिता येत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये मामा आहेत.

टायटल गाण्याला अर्धा मार्क. मध्येच सगळे गप्प होतात आणि अ‍ॅलेक्स वेबस्टरचा बास एकटाच तुरुतुरु पळून जातो, तो अर्धा त्याचा. बाकी वेग. शिवजयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. छाती हादरते, भीती नाही वाटत. रक्ताच्या वर्णनानं फार तर किळस येते, आणि किळस म्हणजे भीती नव्हे. हॉररच्या नावाखाली दुकान मांडलेले निम्मे बँड इथंच फसतात.

दुसरं गाणं ‘दि एक्सॉर्सिस्ट’, मूळ पझेस्ड नावाच्या बँडचं, १९८५ च्या ‘सेव्हन चर्चेस’वरचं. विषय अंगात येण्याचा, पण यांनी ते घाईत उरकलंय.

सातवीत असताना मावशीबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात गेलो होतो, पौर्णिमेला. गर्दीत एक बाई पायरीवर बसलेली, शेजारी जोगतिणीचं चौंडकं अगदी संथ चाललेलं. बाईनं आधी कानातली काढली, एक एक करून. पोरीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली. मग अंबाडा सोडला. मग घुमायला लागली. लोक “उदो गं आई उदो” करत पुढं सरकले, ती ओरडली, केस मोकळे, सगळं झालं. मी तेव्हा घाबरलो नाही. ती कानातली काढत होती तेव्हा घाबरलो होतो. तिला माहीत होतं काय येणार आहे ते.

हे मला तिसऱ्या गाण्यात सापडलं. ‘झिरो द हीरो’, मूळ ब्लॅक सब्बाथ या बँडचं, १९८३ च्या ‘बॉर्न अगेन’मधलं, तेव्हा गायला डीप पर्पल बँडचा इयन गिलन होता. रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी चाल, संथ, चिखलातनं बैलगाडी ओढल्यासारखा, आणि एकदा आला की जायचं नाव नाही. गाण्यात मुडदा नाही की कुऱ्हाड नाही, एका मामुली माणसाला मारलेले टोमणे आहेत नुसते. दुसऱ्याचे शब्द घेतल्यामुळं कॅनिबल कॉर्प्सचा गायक क्रिस बार्न्स, त्याला आतड्यांचा आधार उरला नाही. गिलन जे फटाफट फेकतो तेच हा घशात घोळवत बसतो. सहा मिनिटांच्या वर चालतं आणि कुठंही पळत नाही. सब्बाथवाले मित्र शिव्या घालतील, घाला, पण मला मूळ गाण्यापेक्षा हे जास्त लागलं. असल्या चालीवर यांनी अख्खी ईपी का केली नाही कुणास ठाऊक.

या गाण्याला आई आतनं ओरडली नाही. मेणबत्ती घेऊन दारात आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “हे नको लावू रे तिन्हीसांजेचं.”