गुणांची शीट दाखवा ना मग!

आत्ता घरी पोचलेय. बोटं अजून बधिर आहेत तरी टाइप करतेय, कारण आज नाही लिहिलं तर उद्या सकाळी मी शहाण्यासारखी वागेन आणि हे राहूनच जाईल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मिनेसोटात आलेल्या माणसाला काहीतरी हिवाळी खूळ लागतंच. कुणी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतं, कुणी स्की करताना गुडघा मोडून घेतं. मला जुन्या स्नोमोबाइल्सचं, म्हणजे बर्फावर पळवायच्या स्कूटरसारख्या गाड्यांचं लागलं. साताऱ्याची मुलगी, हो, हसून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत इथे गावोगावी त्यांचे शो भरतात, त्यात स्पर्धा असते आणि जज गुण देतात. पन्नास-पन्नास वर्षांच्या स्लेड्स (जाणकार लोक स्लेडच म्हणतात) बर्फावर ओळीनं मांडलेल्या, टू-स्ट्रोकचा निळा धूर, आणि त्या धुराचा वास आला की मी थेट बाबांच्या चेतकवर, पुढे उभी, हँडल धरून. नवऱ्याला यातलं काही कळत नाही. तो गाडीत हीटर लावून बसतो.

तर आज लहान मुलांच्या स्लेड्सचा गट होता. आर्क्टिक कॅट कंपनीनं १९७२ मध्ये मुलांसाठी 'किटी कॅट' काढली होती, इंजिन जेमतेम ६० सीसीचं, दिसायला मोठ्या स्लेडचं पिल्लू. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बापाबरोबर तसली एक घेऊन आली होती. दोघांनी मिळून अख्खा उन्हाळा गॅरेजमध्ये घालवलेला. कार्ब्युरेटर तिनं स्वतः उघडून साफ केलेला, आणि त्यात काय काय निघालं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत होती. शेजारच्या दोन किटी कॅट अशा, की त्यांना आयुष्यात बर्फ लागलेला नाही. पैसे मोजून रंगवून आणलेल्या, आरशासारख्या. जज आला. त्या दोघींभोवती दोन-दोन चकरा. हिच्यापाशी आला, हूड (इंजिनावरचं झाकण) उचललंसुद्धा नाही, कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढे. तिसरा नंबर. तिघांत तिसरा.

त्याचंही काही नाही हो, हरतो माणूस. पण पोरगी गेली जजपाशी. हातमोजे काढून हातात धरलेले, नाक लाल, आणि विचारलं, माझे गुण कुठे गेले? पुढच्या वर्षी मी काय नीट करू?

तो म्हणाला, "ओव्हरऑल इम्प्रेशन."

ओव्हरऑल इम्प्रेशन! एवढ्याशा पोरीला!

आजोबा माझ्या शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि मला दोन वर्षांपूर्वीचं सगळं जसंच्या तसं आठवलं.

आजोबा म्हणजे आमचे शेजारी, वय ८२. हाक मी त्यांना नावानंच मारते, इथली रीत, पण माझ्या मनात ते आजोबाच. हे खूळ मला त्यांनी लावलं. त्यांच्याकडे १९७३ची स्की-डू इलान आहे. एक सिलिंडर, बारा हॉर्सपॉवर, दोरी ओढून चालू करायची. ही इलान १९७१ ते १९९६ अशी पंचवीस वर्षं निघत राहिली, म्हणजे आपल्याकडच्या चेतकसारखीच, फार काही न बदलता. आता मिनेसोटाच्या माणसानं स्की-डू ठेवायची म्हणजे घरचा वैरी. पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही याच राज्यातल्या, आणि स्की-डू पार कॅनडाची, क्यूबेकची. त्यावरून आजोबांना आयुष्यभर टोमणे. ते म्हणतात, वैरीण असेल पण पहिल्या ओढीला चालू होते.

दोन वर्षांपूर्वी मीच मागे लागून त्यांना ती ओरिजिनल गटात लावायला भाग पाडलं. ओरिजिनल म्हणजे जिला नव्यानं रंग दिलेला नाही, सीट तीच, स्टिकर तेच, शक्य तर नट-बोल्टसुद्धा तेच. रिस्टोअर केलेल्यांचा गट वेगळा असतो, आणि तो वेगळा का असतो हे कळायला फार अक्कल लागत नाही. नवा रंग कितीही वेळा देता येतो. जुना रंग एकदाच मिळतो.

त्या इलानच्या सीटला एक ठिगळ आहे. काळ्या सीटवर ताडपत्रीचा तपकिरी तुकडा, जाड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला. १९७५च्या जानेवारीत इथे भयंकर बर्फाचं वादळ झालं होतं, जुने लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. रस्ते गायब. पलीकडच्या शेतावरच्या म्हातारीचं इन्सुलिन संपलेलं. आजोबा इलान घेऊन निघाले, बर्फ इतका की तारेचं कुंपण खाली गाडलं गेलेलं, ते दिसलंच नाही. स्लेड उलटली, सीट फाटली, इन्सुलिन पोचलं. परत आल्यावर त्यांच्या बायकोनं चुलीपाशी बसून ते ठिगळ लावलं. त्या आता नाहीत. आठ वर्षं झाली.

जजनं काय केलं? पेनाच्या टोकानं ते ठिगळ दाबलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाला, हे फॅक्टरीचं नाही. आणि कागदावर लिहिलं.

बरं, मान्य. नियमात लिहिलंय 'कारखान्यातून निघाली तशी', आणि ठिगळ कारखान्यात लागलं नव्हतं. ठीक आहे. कापा गुण. पण मग नियम सगळ्यांना लावा ना! त्याच गटात पहिली आलेली स्लेड मी नंतर जाऊन बघितली. हूडच्या कडेला आतल्या बाजूनं जी रबराची पट्टी असते, तिच्यावर पिवळ्या रंगाचे शिंतोडे. रबर कुणी कारखान्यात रंगवतं का? हूड काढून, रंगवून, नव्यानं छापलेले स्टिकर लावून (सगळं मिळतं हल्ली, जुन्या स्लेडचं सीट कव्हरसुद्धा नवंकोरं मिळतं) ती 'ओरिजिनल' म्हणून उभी केलेली. हूड उघडलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. उघडलं नाही. आणि हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहितेच: जज आणि विजेता सकाळी एकाच ट्रकमधून उतरले होते. मागे एकच ट्रेलर.

आजोबांनी फक्त एवढंच विचारलं की माझी गुणांची शीट बघायला मिळेल का. उत्तर आलं, शीट आम्ही देत नाही. संपलं. ठिगळाचे दोन गुण गेले की वीस, दोन वर्षं झाली, आम्हाला माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, प्लास्टिकच्या ट्रॉफीसाठी एवढं? कमेंटमध्ये लिहूच नका. गणपतीच्या आरास स्पर्धेत दुसरा नंबर आला म्हणून तुमच्या सोसायटीत कोण कोणाशी बोलत नाही ते मला माहीत आहे. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही तेव्हा याच फेसबुकवर आपण किती दिवस भांडत होतो? मला परीक्षकांचं पटलं होतं, तुमच्यातल्या निम्म्यांना नव्हतं. पण निदान त्यांनी सांगितलं होतं की असं असं म्हणून देत नाही. समोरासमोर वाद घालायला काहीतरी हातात होतं. कॉलेजात असताना आमची एकांकिका पडली की आम्ही परीक्षकांना चहाच्या टपरीपर्यंत गाठायचो, सर, कुठे कमी पडलो? एका सरांनी तर मला अर्धा तास झापलं होतं, तिसऱ्या प्रवेशात तू प्रेक्षकांकडे पाठ करून रडलीस म्हणून. बक्षीस कुणाला मिळालं ते विसरले. पाठ करायची नाही हे आजही लक्षात आहे, आणि आता नाटकाशी माझा काही संबंध उरलेला नाही.

आणि दुसरं म्हणजे, ही यंत्रं कुठून आली ते जरा आठवा. क्यूबेकमधल्या वालकूरचे जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचं दोन वर्षांचं मूल आजारी पडलं, रस्ते बर्फानं बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मूल गेलं. त्या आधीपासून हा माणूस बर्फावर चालणारी गाडी करायच्या नादात होता, त्यानंतर तर हट्टालाच पेटला. आधी मोठ्या, बसएवढ्या गाड्या काढल्या, आणि १९५९ मध्ये छोटी स्की-डू. नाव खरं 'स्की-डॉग' ठेवायचं होतं म्हणे. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणार होती ना. म्हणजे रस्ता बंद असताना माणसापर्यंत पोचायचं, यासाठी ही वस्तू जन्माला आली. आणि तिच्या सीटवरच्या इन्सुलिनच्या ठिगळाला तुम्ही पेनानं टोचता? राग येणार नाही तर काय?

(पाणी पिऊन आले.)

हेही खरं की जज लोकांना यात काही मिळत नाही. फुकट काम, उणे १८ मध्ये पाच-सहा तास उभं राहायचं, शिवाय ज्याचा नंबर येत नाही तो आयुष्यभर तोंड फिरवणार. आणि छंद एवढा छोटा, की ज्याच्याकडून पार्ट घेतला नाही असा माणूस शोधायलाच दुसऱ्या राज्यात जावं लागेल. हे सगळं मला कळतं. पण म्हणूनच म्हणते. ओळखीचाच माणूस जज असणार असेल तर शीट दाखवणं जास्त गरजेचं. आपल्या मित्राच्या स्लेडला आपण गुण द्यायचे नाहीत, बाजूला व्हायचं, एवढं तर आपल्या गल्लीतल्या रांगोळी स्पर्धेतल्या काकूंनाही कळतं. आणि हूड उघडा. थंडी वाजत असली तरी उघडा.

जाऊ दे. यानंतर जे झालं ते सांगायचं होतं आणि मी भांडतच बसले.

बक्षीस समारंभ झाल्यावर ती मुलगी आपल्या किटी कॅटवर बसून राहिली होती. बाप ट्रेलर आणायला गेलेला. आजोबा गेले तिच्यापाशी. ८२ वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, बर्फावर गुडघे टेकून बसला. तिला विचारून हूड उघडलं आणि एकेक दाखवायला लागले. पेट्रोलच्या नळीला तू स्क्रूनं आवळायचे क्लॅम्प लावलेस, तिथे तारेची स्प्रिंगवाली क्लिप पाहिजे. हे दोन बोल्ट नवे आहेत, डोकं वेगळं आहे बघ. आणि हे कार्ब्युरेटर कुणी साफ केलं? तू? मग हे मी केलं असतं त्यापेक्षा चांगलं झालंय. पाच मिनिटं लागली असतील. ती फोनमध्ये फोटो काढत होती, क्लिपचा, बोल्टचा. नंतर चेहरा असा, की जणू पहिला नंबर आलाय.

आजोबा हल्ली इलान स्पर्धेत लावत नाहीत. नुसती घेऊन येतात, ट्रेलरवरून उतरवतात आणि तिच्यावर बसून मैदानाच्या त्या टोकाला कॉफी आणायला जातात. निघताना मुलगी ती बघायला आली. भोवती फिरली, खाली वाकली, सगळं अगदी जजसारखं, म्हणजे जजनं करायला हवं होतं तसं. सीटपाशी थांबली. ठिगळावरून बोट फिरवलं, एकेक टाका. मग फोन काढून तयार ठेवला आणि विचारलं, "याचा पार्ट नंबर काय आहे?"

आजोबा म्हणाले, "हा पार्ट आता मिळत नाही गं."